गरोदरपणात एचआयव्हीचे उपचार आणि व्हिडिओ समुपदेशन: पात्रता, कागदपत्रं, नोंदणी

गरोदर बाईला एचआयव्हीचं निदान झालं की सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या लगेच सुरू होतात आणि आयुष्यभर चालतात. सरकारी एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात, उत्पन्नाची अट नाही. केंद्रातल्या समुपदेशक ताईंशी व्हिडिओवर बोलायचं तर आधी तिथे नोंदणी हवी.

नोंदणीला आयसीटीसीचा (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राचा) अहवाल, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि माता-बाल संरक्षण कार्ड न्या. एखादा कागद नसला म्हणून परत फिरू नका. गोळ्या आज सुरू करा, कागद नंतर देते असं ठामपणे सांगा.

व्हिडिओची सोय प्रत्येक केंद्रात सारखी नसते, म्हणून नोंदणीच्याच दिवशी विचारा. खरी गरज पडते ती सातव्या महिन्यानंतर. केंद्र सासरजवळ आणि बाळंतपण माहेरी, असं आपल्याकडे सर्रास असतं. नेमकी ३२ ते ३६ आठवड्यांत व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे याची) तपासणी करायची असते. बाळाला जन्मानंतर कोणतं औषध आणि किती आठवडे द्यायचं, हे त्यावरून ठरतं. त्यामुळे माहेरी निघण्याआधी पुरतील एवढ्या गोळ्या, तिथल्या केंद्रासाठी ट्रान्सफरचं पत्र आणि कॉलची तारीख, तिन्ही हातात घ्या.

कॉलला गोळ्यांची बाटली, लोहाची आणि कॅल्शियमची पाकिटं समोर ठेवा. उरलेल्या गोळ्या कॅमेऱ्यासमोर मोजल्या की किती चुकल्या ते कळतं, आणि ते सांगायला लाजू नका; त्यावरच पुढचा सल्ला ठरतो. डोल्युटेग्राविर हे औषध असलेली एआरटीची गोळी उपाशीपोटी लोह-कॅल्शियमसोबत घेतली तर नीट शोषली जात नाही. एकतर सगळ्या जेवणासोबत घ्या, नाहीतर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. ही वेळ ताईंकडून पक्की करून घ्या.

घरात कुणाला माहीत नसेल तर कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हे आधीच ठरवा. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीविना ही माहिती कुणालाही सांगता येत नाही.

कॉल लागला नाही तरी गोळी थांबवू नका. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर साध्या फोनवरूनही विचारता येतं.