फिफ्थ व्हील हिचची निवड

फिफ्थ व्हील हिच : पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेली आणि ट्रेलरचे नाक आपल्या अंगावर घेणारी जोडणी. अमेरिका व कॅनडात राहण्याच्या सोयीचे जे मोठे ट्रेलर ओढून नेतात, त्यांपैकी पुढचा भाग उंचावून ट्रकच्या हौद्यावर आलेल्या प्रकाराला या जोडणीवरूनच ‘फिफ्थ व्हील’ हे नाव पडले आहे. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालून २ इंच (५०.८ मिमी.) व्यासाची पोलादी खुंटी खाली आलेली असते, ती किंग पिन. हिचची घोड्याच्या नालेच्या आकाराची थाळी भार पेलते आणि थाळीतला जबडा किंग पिनची मान पकडून ठेवतो.

नावातले पाचवे चाक घोडागाडीच्या काळातले आहे. चार चाकांच्या गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे कडे बसवीत. रस्त्यावर धावणारी चार, आणि आडवे पडून फिरणारे हे पाचवे. मोटारट्रक आल्यावर १९१० च्या दशकात तीच युक्ती ट्रॅक्टर आणि ट्रेलर जोडायला वापरात आली. राहत्या ट्रेलरकडे ती वळवण्यात विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांचा मोठा हात आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात बनलेल्या त्यांच्या एरोकार या ट्रेलरची जोडणी मोटारीच्या मागच्या भागात आडव्या ठेवलेल्या विमानाच्या टायरमध्ये होती. धक्के त्या टायरच्या हवेतच जिरत.

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर याच जातीच्या जोडणीवर चालतात. पण तिथे पुढचा ट्रॅक्टर ओढण्यासाठीच घडवलेला असतो आणि थाळी त्याच्या चासीचाच भाग असते. पिकअपचे तसे नाही. त्याचा हौदा सामान टाकण्यासाठी, केबिन कुटुंबासाठी, आणि ट्रेलर वर्षातले काही आठवडे. त्यामुळे कोणती हिच घ्यायची हा प्रश्न मालकाच्या गळ्यात पडतो, आणि बहुतेकांची सुरुवात इथेच चुकते. ते हिचवर छापलेला आकडा पाहतात. आधी पाहायला हवा तो ट्रकवरचा.

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी किंग पिनवर येणारा भार साधारण १५ ते २५ टक्के असतो; अंदाजासाठी २० टक्के धरतात. बंपरमागच्या गोळ्याला जोडायच्या साध्या ट्रेलरमध्ये हेच प्रमाण १० ते १५ टक्के असते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला यामागचे कारण सांगावे लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलू लागते आणि गाडी ताब्यात राहत नाही. फिफ्थ व्हील रस्त्यावर शांत चालते ते नाकावरच्या या भरपूर भारामुळे, आणि तो भार ट्रकच्या शेपटाला न टांगता आसावर पडत असल्यामुळे. पण तो ट्रकने पेललाच पाहिजे.

एक हिशेब मांडून पाहू. सामानासकट १२,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५,४४० किग्रॅ.चा ट्रेलर आहे. पिनवरचा भार २,४०० पौंड. हिचचे स्वतःचे वजन २०० पौंड धरू. चार माणसे ६०० पौंड, हत्यारे आणि किरकोळ सामान १०० पौंड. बेरीज ३,३०० पौंड, म्हणजे जवळजवळ दीड टन. आता ड्रायव्हरचे दार उघडून चौकटीवरची पिवळ्या पट्टीची चिठ्ठी वाचावी : माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा अधिक नसावे, असे तिच्यावर त्याच ट्रकपुरते छापलेले असते. ‘अर्ध्या टनाच्या’ म्हणवणाऱ्या बऱ्याच पिकअपवर हा आकडा १,४०० ते २,००० च्या आसपास दिसतो. म्हणजे जाहिरातीतल्या ओढण्याच्या क्षमतेत १२,००० पौंड बसत असले तरी पाटे, मागचा आस आणि टायर यांच्या हिशेबात तो ट्रेलर बसत नाही. अशा ट्रकला ३०,००० पौंडांची हिच लावली तरी ट्रक बळकट होत नाही. उलट जड हिचचे वजन वाहण्याच्या क्षमतेतूनच वजा होते. विक्रीच्या टेबलावर ही बेरीज सहसा कोणी करून देत नाही, म्हणून ती इथे सविस्तर दिली.

ट्रेलरच्या माहितीपत्रकात पिनचा भार दिलेला असतो, पण तो रिकाम्या ट्रेलरचा. गॅसची नळकांडी, बॅटऱ्या आणि सामानाचा सर्वांत मोठा कप्पा बहुधा पुढेच असतो, त्यामुळे भरल्यावर हा भार चांगलाच चढतो. खरा आकडा वजनकाट्यावर कळतो. हमरस्त्यालगतच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. त्यांवर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस एकाच वेळी वेगवेगळे तोलले जातात. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा नुसता ट्रक तोलावा. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनांतला फरक म्हणजे पिनचा भार.

हे जमल्यावर हिचचा आकडा पाहणे सोपे आहे. बाजारात १६,००० पासून ३०,००० पौंडांपर्यंतच्या हिच मिळतात आणि त्यांच्या चाचणीसाठी एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे जे२६३८ हे मानक आहे. ट्रेलरच्या रिकाम्या वजनाशी नव्हे, तर त्याच्या कमाल अनुज्ञेय वजनाशी तुलना करावी आणि थोडी सूट ठेवावी. ओढण्याचे वजन आणि पिनवरचा उभा भार असे दोन वेगळे आकडे हिचवर असतात, दोन्ही वाचावेत.

हौद्याची लांबी : निवडीचा खरा कस इथे लागतो. हौदे साधारण तीन लांबींत येतात : ८ फूट, साडेसहा फूट आणि साडेपाच फूट. ट्रक आणि ट्रेलर काटकोनात आले की ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेकडे सरकतो. अमेरिकेत ट्रेलरची कमाल रुंदी सामान्यतः १०२ इंच असते. तिच्या निम्मे ५१ इंच. पिन ट्रेलरच्या पुढच्या कडेच्या रेषेत आहे असे धरले, तर हिचच्या मध्यापासून केबिनपर्यंत ५१ इंचांहून अधिक मोकळी जागा हवी. ८ फुटी हौद्यात ती सहसा मिळते. आखूड हौद्यात मागचा आसच केबिनच्या जवळ आलेला असतो, म्हणून मिळत नाही.

मोजायचे कसे? फाळका उघडून हौद्यात चढावे. चाकाच्या मध्याची रेष हौद्याच्या तळावर खडूने आखावी आणि तिथून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत टेप धरावा. मग ट्रेलरखाली वाकून पिनच्या मध्यापासून ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर घ्यावे, कारण वळताना कोपरा त्याच त्रिज्येचे वर्तुळ काढतो. दुसरे माप पहिल्यापेक्षा चार-सहा इंचांनी तरी कमी भरले पाहिजे. हल्लीच्या ट्रेलरांचे पुढचे कोपरे आखूड हौद्यांसाठी गोलाकार कापलेले असतात आणि विक्रेता तसे ठासून सांगतो. तरीही टेप लावावाच. चढावर वळताना ट्रक आणि ट्रेलर एकमेकांकडे कलतात आणि कागदावर उरलेले दोन इंच तिथे संपतात.

जागा पुरत नसेल तर सरकती हिच घेतात. हाताने सरकवायच्या प्रकारात उतरून ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावायचे, खटका ओढायचा आणि ट्रक थोडा पुढे घ्यायचा. थाळी सुमारे फूटभर मागे जाते. काम झाले की ती पुन्हा पुढे आणून अडकवायची, मगच हमरस्ता. आपोआप सरकणाऱ्या प्रकारात वळणाबरोबर थाळी स्वतः मागे जाते आणि सरळ होताना परत येते. इंडियानातील पुलराइट कंपनीची सुपरग्लाइड ही त्यातली प्रसिद्ध. तिला पिनच्या पेटीवर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखाली किंग पिन धरणाऱ्या पोलादी भागावर, एक पकडपट्टी बसवावी लागते आणि ती महाग व जड असते. माझ्या मते साडेपाच फुटी हौद्याला आपोआप सरकणारीच योग्य, अर्थात ट्रकला तिचे वजन परवडत असेल तर. अंधारात, पावसात, अनोळखी मुक्कामाच्या जागी ट्रेलर मागे लावताना खटका ओढायचे विसरणे फार सोपे असते आणि मागची काच फुटायला एकच वळण पुरते. तिसरा मार्ग ट्रेलरच्या बाजूने निघतो : रीस कंपनीच्या साइडवाइंडरसारख्या पिनपेटीत वळण्याचा बिंदूच सुमारे २२ इंच मागे जातो. मग हिचच्या थाळीत पिन फिरू द्यायची नसते, म्हणून तिथे पाचर बसवतात.

बसवण्याच्या पद्धती : सर्वांत जुनी म्हणजे हौद्याच्या तळावर दोन आडवे रूळ ठेवून ते बोल्टांनी चासीला आवळायचे. अनेक कंपन्यांच्या हिच या रुळांवर बसतात, पण हिच काढल्यावरही रूळ उरतात आणि प्लायवूड सरकवताना आडवे येतात. अलीकडच्या पाऊण टन आणि एक टनाच्या पिकअपना कारखान्यातूनच हौद्याखाली आडवी तुळई आणि तळात चार गोल खोबणी असलेली सोय मागवता येते. हिचचे चार पाय त्या खोबणीत घालून फिरवले की काम झाले, आणि काढल्यावर हौदा सपाट. ही सोय असेल तर दुसरे काही शोधू नये. मात्र खोबणीतली अंतरे प्रत्येक वाहन कंपनीची वेगळी, म्हणून फोर्डची हिच रॅमला बसेल असे धरू नये. तिसरी पद्धत हौद्याच्या मध्यावरच्या गूसनेक छिद्राचा आधार घेते. गूसनेक म्हणजे हौद्याच्या तळावर बसवलेल्या गोळ्याला ट्रेलर जोडण्याची पद्धत. कॅन्ससमधील हम्बोल्टच्या बी अँड डब्ल्यू कंपनीची कम्पॅनियन या जातीची आहे. अँडरसन कंपनीची ॲल्युमिनियमची हिच तर सुमारे ३५ पौंडांचीच असते. तिच्यात जबडा नसून गोळा असतो आणि किंग पिनवर त्याची वाटी चढवतात. ज्याला हिच एकट्याने काढायची-घालायची आहे, त्याला तिचे मोल कळेल.

किंग पिनला लांब दांडा जोडून तो थेट हौद्याच्या तळावरच्या गूसनेक गोळ्यावर बसवण्याचा स्वस्त उपायही मिळतो. तो टाळावा. गोळा जितका खाली, तितका दांडा लांब, आणि ब्रेक लागताच तो पहारीसारखा ट्रेलरच्या सांगाड्याला पिळतो. तिथले सांधे या ताणासाठी घडवलेले नसतात. खास त्यासाठी बनवलेली आणि ट्रेलरच्या सांगाड्याच्या निर्मात्याला मान्य असलेली पेटी असेल तरच गूसनेककडे जावे.

थाळी फक्त पुढे-मागे झुलते की डावी-उजवीकडेही, हे पाहावे; चारही बाजूंना झुलणारी थाळी खडबडीत जागी जोडणी सोपी करते. जबड्याचे प्रकार बरेच आहेत : एकच आकडा, आडवी सरकणारी पट्टी, किंवा दोन्ही बाजूंनी पिनला कवटाळणारी जोडी. शेवटच्या प्रकारात पोलाद पिनला सर्व बाजूंनी भिडते, खडखड कमी होते आणि चालताना ट्रकला मागून बसणारे बारीक गचके घटतात.

ट्रेलर सपाट चालावा आणि हौद्याच्या कडेपासून त्याच्या पोटापर्यंत निदान ६ इंच अंतर राहावे, या दोन मागण्या नव्या उंच पिकअपवर एकमेकींशी भांडतात. हिचची उंची दोन-तीन टप्प्यांत बदलता येते, पिनची पेटीही वरखाली करता येते. नाक वर राहिले तर दोन आसांच्या ट्रेलरमध्ये मागच्या आसावर जास्त भार जातो आणि त्याचे टायर आधी तापतात.

जोडताना : ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, मग फाळका खाली. ट्रेलरची उंची अशी ठेवावी की पिनभोवतीची तबकडी थाळीच्या उतरत्या ओठाला टेकेल आणि ट्रक मागे येताना ट्रेलर किंचित उचलला जाईल. ट्रेलर जास्त उंच राहिला तर पिनचे खालचे जाड टोक जबड्याच्या वरच राहते आणि जबडा मानेभोवती न मिटता बंद होतो. खटक्याचा आवाज येतो, दांडी आत गेल्यासारखी दिसते आणि पहिल्या ब्रेकला ट्रेलर हौद्याच्या कडांवर आदळतो. म्हणून आवाजावर विसंबू नये. बॅटरी घेऊन वाकून पाहावे : तबकडी आणि थाळी यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये, आणि जबडा पिनच्या मानेभोवती मिटलेला दिसला पाहिजे. त्यानंतर दांडीला सुरक्षेची पिन, सात टोकांचा विजेचा प्लग आणि ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी बारीक तार. ही तार हिचला न अडकवता ट्रकला अडकवावी, कारण हिचच निघाली तर तिने ओढले जायला हवे. मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून इंचभर उचलून, ठोकळे तसेच ठेवून, केबिनमधून फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहावा. जबडा चुकला असेल तर तो इथेच सुटेल आणि पाय जमिनीलगत असल्याने फारसे नुकसान होणार नाही. ठोकळे काढायचे ते यानंतर.

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलसाठी साध्या परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि १५,००० च्या वर गेल्यास बिगरव्यावसायिक ‘ए’ वर्गाचा परवाना.

थाळी आणि तबकडी यांच्यात ग्रीस लावतात किंवा पिनवर जाड प्लास्टिकची चकती चढवतात. चकतीने कपडे खराब होत नाहीत, मात्र ती झिजली की बदलावी. वापरलेली हिच घेताना जबड्याची आतली बाजू बोटाने चाचपावी. तिथे पायरी लागली तर धातू खाल्ला गेला आहे आणि स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये. नव्या हिचचे बोल्ट टॉर्क पान्याने सांगितल्या मापाला आवळावेत आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा तपासावेत. हौद्याचा पत्रा आणि रूळ एकमेकांवर बसले की ते थोडे ढिले पडतात.