आडवी पडलेली लव: मोटारीतील स्वेडची स्वच्छता

मोटारीच्या स्टिअरिंगवरचे स्वेडचे आवरण काही काळ वापरले की हात पडतात त्या जागी काळपट आणि चकचकीत होते, आणि ते झिजले असे समजून मालक नवे आवरण घालण्याच्या विचाराला लागतो. पुष्कळदा हा निष्कर्ष घाईचा ठरतो. स्वेडचा मऊपणा आणि त्याची चमक नसलेली गडद रंगछटा पृष्ठभागावरील असंख्य सूक्ष्म तंतूंमुळे, म्हणजे लवेमुळे येते. उभ्या लवेवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. तळहाताचे तेल, घाम, त्वचेच्या मृत पेशी आणि हाताला लावलेली मलमे लवेत साचली की तेल लावलेल्या केसांप्रमाणे तंतूंच्या बटा बनतात, त्या आडव्या पडतात आणि सपाट झालेला पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करू लागतो; आपल्याला दिसणारी चकाकी ती हीच. अशा वेळी तंतू शाबूत असतात, फक्त एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करून पुन्हा उभे करणे हेच स्वेडच्या पुनरुज्जीवनाचे मुख्य काम आहे.

मात्र आपल्या गाडीत नेमके कोणते स्वेड आहे, हे आधी ठरवावे लागते. खरे स्वेड म्हणजे कमावलेल्या कातड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून लव काढलेले चामडे. त्याचे तंतू कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. मोटारींमध्ये मात्र ‘स्वेड’ या नावाने बहुधा कृत्रिम कापड वापरलेले आढळते. १९७० मध्ये जपानमधील तोरे कंपनीत मियोशी ओकामोटो यांनी अशा कापडाची पद्धत शोधून काढली, आणि त्याच पद्धतीवर आधारलेले अल्कांटारा पुढे इटलीत तयार होऊ लागले. या पद्धतीत एका बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) धाग्यात दुसऱ्या बहुवारिकाचे अनेक अतिसूक्ष्म तंतू दडवून धागा ओढतात, त्याचा नमदा बनवतात, बाहेरचे बहुवारिक विरघळवून काढतात आणि उरलेल्या पॉलिएस्टरच्या तंतूंना पॉलियुरेथेनने बांधतात. अल्कांटारामध्ये सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असते. खऱ्या चामड्याची लव थोडी कमी-जास्त लांबीची आणि जागोजागी वेगळ्या पोताची असते, तर कृत्रिम कापडाची सर्वत्र एकसारखी असते. तरीही नजरेवर विसंबण्यापेक्षा गाडीची माहितीपुस्तिका पाहिलेली बरी.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही पदार्थांना पाणी आणि उष्णता वेगवेगळ्या तऱ्हेने बाधतात. चामडे कमावताना त्यात तेले मुरवलेली असतात आणि त्याचे रसायन सौम्य आम्लधर्मी असते. अल्कधर्मी साबणाचे पाणी त्यातली तेले आणि काही वेळा रंगही ओढून काढते. मग वाळताना कोलॅजेनचे तंतू एकमेकांना घट्ट बिलगतात आणि चामडे कडक होते. म्हणून खऱ्या स्वेडवर शक्यतो कोरडाच उपचार करावा. पॉलिएस्टर पाण्याला फारसे जुमानत नाही, पण उष्णतेला जुमानते. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे रेणू हालचाल करू लागतात, आणि त्या अवस्थेत दाबून आडवा केलेला तंतू थंड झाल्यावर तसाच आडवा राहतो. वाफेचे यंत्र पृष्ठभागाला टेकवून फिरवणारे लोक चिकटलेल्या लवेला नकळत कायमची आडवी करून ठेवतात. मला हा सर्वांत मोठा आणि सहज टाळता येणारा अपाय वाटतो.

सुरुवात दोन्ही प्रकारांत कोरडीच असावी. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह मापनश्रेणीवर त्यांची कठीणता ७ आहे, म्हणजे कोणत्याही तंतूपेक्षा कितीतरी अधिक. असे कण लवेत असताना ओल्या फडक्याने घासले तर ते तंतू कापत जातात. व्हॅक्यूम क्लीनर आणि मऊ ब्रश यांनी ही धूळ आधी काढून टाकावी. खऱ्या स्वेडवर ताजा तेलकट डाग पडला असेल, तर त्यावर मक्याच्या पिठासारखी बारीक पूड काही तास पसरून ठेवल्याने बरेच तेल निघून येते, कारण पुडीच्या कणांमधील अरुंद फटी केशाकर्षणाने तेल वर ओढतात. कोरडा मळ स्वेडसाठी मिळणाऱ्या खोडरबराने हलकेच घासला की सुटतो.

कृत्रिम स्वेडवरचा जुना, तेलकट थर मात्र नुसत्या ब्रशने जात नाही. त्यासाठी सौम्य, उदासीन डिटर्जंट लागतो. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक तेलाकडे आणि दुसरे पाण्याकडे ओढले जाते. असे अनेक रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होऊन त्याला तंतूपासून अलग करतात. घामातले क्षार पाण्यातच विरघळतात. यासाठी फार पाणी लागत नाही. द्रावणाचा फेस काढून तोच मऊ ब्रशने लावावा, कारण फेसात डिटर्जंट पुरेसा असतो आणि पाणी थोडे. फेस लावल्यावर मळ सैल होतो, पण तिथेच राहतो. म्हणून स्वच्छ, किंचित ओलसर पांढऱ्या फडक्याने तो लगेच टिपून घ्यावा आणि फडक्याची बाजू वारंवार बदलावी. डिटर्जंट लवेत राहून गेला तर तो स्वतःच चिकट थर बनतो आणि पुढची धूळ धरून ठेवतो. त्यामुळे साध्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुन्हा टिपणे टाळू नये.

डाग गेला, पण त्याच्याभोवती कडे उमटले, ही तक्रार नेहमी ऐकू येते. पृष्ठभागावर सांडलेल्या थेंबाच्या कडेवर बाष्पीभवन अधिक वेगाने होते, तिथले कमी झालेले पाणी भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते आणि आपल्यासोबत मळही वाहून नेते. कॉफीच्या वाळलेल्या थेंबाभोवती दिसणाऱ्या कड्याचे असे स्पष्टीकरण १९९७ मध्ये रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते. लवेच्या कापडात अर्थातच केशाकर्षणाचीही भर पडते. त्यामुळे डागापुरतेच पाणी लावू नये. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा संपूर्ण तुकडा सारखाच, पण अगदी थोडा ओला करावा, म्हणजे कड शिवणीत जाते आणि डोळ्यांना दिसत नाही.

त्यानंतर वाळवणे. स्वच्छतेपेक्षा हा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो, आणि नेमके इथेच काम संपले असे समजून लोक गाडी बंद करतात. ओल्या तंतूंना पाण्याचा पृष्ठताण एकत्र ओढतो, आणि वाळेपर्यंत ते तसेच राहिले तर बटा पुन्हा बनतात. म्हणून पृष्ठभाग जवळजवळ कोरडा, पण किंचित दमट असताना ब्रश फिरवावा, आधी लवेच्या उलट दिशेने आणि मग तिच्या दिशेने. खिडक्या उघड्या ठेवून, वाऱ्यावर, सावलीत वाळू द्यावे. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो, तेव्हा उन्हात वाळवण्याची घाई तंतूंना परवडणारी नसते.

छताच्या अस्तरावर अधिक सावधगिरी बाळगावी, कारण ते फोमच्या थरावर गोंदाने चिकटवलेले असते आणि पाणी आत झिरपले की गोंद सुटून अस्तर लोंबू लागते. छिद्रे पाडलेल्या सीटवर फवारा थेट मारू नये. आत गरम करणाऱ्या तारा आणि संवेदक असू शकतात.

काही नुकसान मात्र कोणत्याही ब्रशने भरून येत नाही. घर्षणाने तंतू तुटले असतील तर लव उभी करण्यासाठी काही शिल्लकच नसते. सूर्यप्रकाशाने रंगद्रव्य विघटित झाले असेल तर तो रंग परत येत नाही, आणि खऱ्या चामड्यावर नवा रंग देण्याचाच मार्ग उरतो. तुटलेल्या तंतूंचे गोळे झाले असतील, तर ते गोळे काढण्याच्या यंत्राने अलगद कापता येतात, ओढून काढले तर आणखी तंतू सुटतात. मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजाने मळ झटकन जातो, पण तो अतिबारीक पॉलिश कागदासारखा लव घासून काढतो. डॅशबोर्डला लावायची सिलिकोनयुक्त चकाकीची द्रव्येही इथे नकोत, कारण तंतू चिकटवण्याचे काम ती हाताच्या तेलापेक्षाही पक्के करतात.