सेशेल्स: तिकीट खिडकीपासून कर्जखात्यापर्यंत

फकिराच्या हातातलं ते काळं, होडीसारखं भिक्षापात्र दर्याच्या नारळाच्या करवंटीचं असतं. हे झाड निसर्गतः उगवतं ते फक्त हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशात, प्रालँ आणि क्युरियूझ या दोन बेटांवर. प्रालँवरच्या वाले द मे या दरीत ते पाहायला तिकीट काढावं लागतं, आणि या देशाच्या निसर्गरक्षणाचा जमाखर्च समजून घ्यायचा तर त्या खिडकीपासूनच सुरुवात करावी लागते.

1979 मध्ये अल्दाब्रा या प्रवाळबेटासाठी 'सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन' हा न्यास स्थापन झाला. लाखभर महाकाय कासवांचं हे घर राजधानीपासून हजारावर किलोमीटर दूर. तिथे पर्यटक जेमतेम पोचतात. पुढे वाले द मेही न्यासाकडे आलं आणि दरीच्या तिकिटांवर दूरच्या कासवांची राखण होऊ लागली. व्यवस्था सुरेख, पण सगळा भार पर्यटकांवर.

देशाची लोकसंख्या लाखाच्या आसपास, जमीन 455 चौरस किलोमीटर, समुद्र मात्र 13 लाख चौरस किलोमीटरहून जास्त. एवढा पसारा राखायला सरकारकडे पैसा कुठला? 2008 मध्ये तर परदेशी कर्जाचे हप्तेच थकले.

त्या कर्जातूनच पुढची वाट निघाली. 2015 मध्ये ठरलेल्या व्यवहारात 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या निसर्गरक्षण संस्थेच्या मदतीने 2.16 कोटी डॉलरचं जुनं कर्ज सवलतीत सोडवलं गेलं. सरकार आता परतफेड करतं ती 'सेकॅट' या स्थानिक न्यासाकडे. त्यातला काही भाग समुद्ररक्षणाच्या कामांना मिळतो. बदल्यात 30 टक्के समुद्र राखण्याचं वचन दिलं गेलं. 2018 मध्ये दीड कोटी डॉलरचे 'निळे रोखे', म्हणजे समुद्राच्या कामांसाठी पैसा उभारणारे कर्जरोखे, सरकारने काढले. असे सरकारी रोखे जगात पहिलेच.

नियोजनाचा धागा आपल्या हैदराबादेतून जातो. 2012 च्या तिथल्या जैवविविधता परिषदेत 'बायोफिन' हा निसर्गरक्षणाच्या पैशाचं नियोजन करणारा उपक्रम सुरू झाला, आणि सेशेल्स त्यात सुरुवातीलाच सामील झालं. आधी कोणतं खातं निसर्गावर किती खर्च करतं ते मोजायचं, मग गरज किती ते काढायचं, आणि मधली तूट कशी भरायची ते ठरवायचं. माझ्या मते रोख्यांपेक्षाही हे हिशेबाचं काम मोलाचं, कारण त्याआधी तुटीचा आकडाच समोर नव्हता.

मार्च 2020 मध्ये 30 टक्क्यांचं वचन पुरं झालं. त्याच सुमारास कोरोनाने विमानं थांबवली, आणि वाले द मेच्या खिडकीवरचा गल्ला आटला.