आला की आणला? यु-गि-ओमधल्या दोन स्पेशल समनचा घोळ

त्या रविवारी पाऊस इतका होता की भाचा आमच्याकडे परळलाच अडकला, मग जेवणं झाल्यावर चटई टाकून दोघांनी यु-गि-ओ या कार्डांच्या गेमचे डेक (आपापले गठ्ठे) काढले. त्याच्याकडे अगोदरच्या टर्नला आलेला सायबर ड्रॅगन हा मॉन्स्टर, माझं फील्ड (मॉन्स्टर मांडायची जागा) रिकामं, त्याने सरळ अटॅक केला, माझे लाइफ पॉइंट्स ८००० चे ५९०० झाले. डॅमेज बसल्या बसल्या मी हातातून ट्रॅगोडिया दाखवला, कारण तो मॉन्स्टर बॅटल डॅमेज बसला की हातातून येतो. तर याने झटक्यात उलटं ठेवलेलं कार्ड उघडलं, सॉलेम जजमेंट! निम्मे लाइफ पॉइंट्स द्यायचे आणि समन (मॉन्स्टरचं फील्डवर येणं) निगेट, म्हणजे रद्द, करून मॉन्स्टर नष्ट करायचा. मी म्हटलं, "नाही चालणार." तो म्हणाला, "मावशी, हे चीटिंग आहे, कार्डावर स्पष्ट लिहिलंय मॉन्स्टर समन होताना, आणि तू समनच करतेयस ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या एका प्रश्नावरून मी चांगले मुरलेले लोक हातघाईवर आलेले बघितलेत, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

यु-गि-ओमध्ये स्पेशल समन हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एकात मॉन्स्टर स्वतःच्या अटीवर आपला आपण येतो, काहीही ॲक्टिव्हेट होत नाही, चेन (एकावर एक टाकलेल्या इफेक्टची रांग) लागत नाही. दुसऱ्यात कुठला तरी इफेक्ट (कार्डावर लिहिलेली कृती) ॲक्टिव्हेट होतो, तो चेनवर चढतो, आणि तो रिझॉल्व्ह होताना, म्हणजे प्रत्यक्ष घडताना, मॉन्स्टर फील्डवर आणला जातो. आम्ही घरात याला "आला" आणि "आणला" म्हणतो. सायबर ड्रॅगन आला. मॉन्स्टर रीबॉर्न या स्पेल कार्डाने ग्रेव्हयार्डमधून (वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून) उचलला तो आणला.

लोकलचं उदाहरण घ्या. चर्चगेटला गाडी रिकामी लागते, तुम्ही चढता आणि खिडकीत बसता, कुणाला काही विचारलं नाही, कुणी काही बोलायचा प्रश्न नाही, अडवायचं असेल तर तुम्ही टेकण्याआधी त्या जागेवर कुणीतरी आडवं यायला हवं. आता तेच गर्दीच्या वेळी दादरला चढलात, बसलेल्या बाईंना विचारलंत "कुठे उतरणार?", त्या म्हणाल्या अंधेरी. या विचारण्यात आणि प्रत्यक्ष बसण्यात वेळ जातो, आणि त्या वेळात शेजारची म्हणू शकते की मी आधी विचारलंय. शेवटी दोन्हीकडे तुम्ही सीटवरच बसता. पण अडवायची जागा वेगळी आहे, पहिल्यात बसणं अडवायचं, दुसऱ्यात विचारणं अडवायचं.

सॉलेम जजमेंटचं वाक्य आता परत वाचा. ते दोन वेळांना चालतं, मॉन्स्टर समन होऊ घातलेला असताना, किंवा स्पेल किंवा ट्रॅप कार्ड (मॉन्स्टर सोडून कार्डांचे दुसरे दोन प्रकार) ॲक्टिव्हेट झाल्यावर. पहिला भाग फक्त "आला" वाल्यांसाठी आहे (नॉर्मल समनही त्यातच येतं), कारण चेन रिझॉल्व्ह होत असताना मध्येच कुणालाच कार्ड टाकता येत नाही, म्हणजे इफेक्टने होणाऱ्या समनच्या त्या क्षणी बोलायला खिडकीच उघडी नसते. ट्रॅगोडिया स्वतःच्याच पायांनी हातातून येतो खरा, पण येतो स्वतःच्या इफेक्टने, म्हणजे तो "आणला" आहे, आणणाराही तोच. आणि तो इफेक्ट मॉन्स्टरचा, स्पेल-ट्रॅपचा नाही, त्यामुळे जजमेंटचा दुसरा भागही लागू होत नाही. दोन्ही दारं बंद. भाच्याला हे पटायला अर्धा तास लागला आणि ते साहजिक आहे, "हातातून स्वतः येतो" हे ऐकल्यावर सायबर ड्रॅगन आणि ट्रॅगोडिया एकाच जातीचे वाटतातच.

मग कार्ड बघून कसं ओळखायचं? याचं उत्तर चक्क विरामचिन्हात आहे आणि मला या गेममधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. २०११ पासून गेम बनवणाऱ्या कोनामीने कार्डावरचा मजकूर एका ठरलेल्या पद्धतीने लिहायला सुरुवात केली. मॉन्स्टरच्या ज्या वाक्यात कोलन किंवा सेमीकोलन आहे ते ॲक्टिव्हेट होतं, चेन लागते. कोलनच्या आधी कधी ते लिहिलेलं असतं, सेमीकोलनच्या आधी ॲक्टिव्हेट करतानाच काय करायचं ते, म्हणजे किंमत द्यायची किंवा टार्गेट निवडायचं, आणि त्यानंतर येतं ते रिझॉल्व्ह होताना घडतं. सायबर ड्रॅगनचं वाक्य सांगतं की फक्त समोरच्याकडेच मॉन्स्टर असेल तर हे कार्ड हातातून स्पेशल समन करता येतं. अख्ख्या वाक्यात कोलन नाही, सेमीकोलन नाही. ट्रॅगोडियात "बॅटल डॅमेज बसल्यावर" च्या पुढे लगेच ती दोन टिंबं आहेत. मी भाच्याला दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बोटाने ती टिंबं दाखवली, तेव्हा कुठे तो गप्प झाला आणि मग पूर्ण डेक घेऊन प्रत्येक कार्डावर टिंबं शोधत बसला.

एक सांभाळायचं, ही टिंबांची युक्ती मॉन्स्टरसाठी. स्पेल किंवा ट्रॅप टाकलं की ते कार्डच ॲक्टिव्हेट झालेलं असतं, टिंब असो नसो. इमर्जन्सी टेलिपोर्ट या स्पेलच्या वाक्यात कोलन नाही, तरी ते चेन लावतंच. आणि जुनी छपाई हातात असेल, २०११ च्या आधीची, तर तिच्यावरच्या टिंबांवर अजिबात विसंबू नका, त्याच कार्डाचा नवा मजकूर शोधून वाचा. आमच्याकडे दोन्ही प्रकारची कार्डं एकाच डब्यात आहेत आणि अर्धी भांडणं त्यामुळेच झालीत.

समनच्या बाकी प्रकारांमध्येही हीच फूट आहे. सिंक्रो, एक्सीज, लिंक आणि पेंड्युलम समन हे सगळे "आला" मध्ये, चेन लागत नाही. पॉलिमरायझेशनने केलेलं फ्यूजन आणि रिच्युअल स्पेलने केलेलं रिच्युअल समन हे "आणला", कारण आधी स्पेल ॲक्टिव्हेट झालं. पण फ्यूजनमध्येसुद्धा एक्सवायझेड ड्रॅगन कॅननसारखे काही आहेत ज्यांना पॉलिमरायझेशन लागतच नाही, फील्डवरचे त्याचे तिघे बॅनिश केले (खेळाबाहेर काढले) की आला. त्यामुळे कार्डाच्या रंगावरून ठरवू नका, वाक्य वाचा.

याचा फटका कुठे बसतो ते सॉलेमच्या तीन भावंडांवरून चांगलं कळतं. सॉलेम स्ट्राइक, १५०० द्यायचे, स्पेशल समन होताना किंवा मॉन्स्टर इफेक्ट ॲक्टिव्हेट झाल्यावर. म्हणजे सायबर ड्रॅगन अडतो, ट्रॅगोडिया अडतो, सिंक्रो अडतो, पण मॉन्स्टर रीबॉर्न आणि पॉलिमरायझेशन अडत नाहीत कारण ती स्पेल आहेत. जजमेंट सायबर ड्रॅगन आणि सिंक्रो अडवतंच, पण बाकीच्यांत याच्या बरोब्बर उलट, ही दोन्ही स्पेल अडवतं आणि ट्रॅगोडिया सोडून देतं. सॉलेम वॉर्निंगला २००० लागतात पण ते कुठलंही समन होताना चालतं आणि स्पेशल समन करणारं स्पेल, ट्रॅप किंवा मॉन्स्टरचा इफेक्ट ॲक्टिव्हेट झाला तरी चालतं, दोन्ही दारांवर उभा राहणारा वॉचमन. ॲश ब्लॉसम या कार्डाबद्दलही खूप गैरसमज आहे. ती समन अडवत नाही, ती इफेक्ट निगेट करते, आणि समनच्या बाबतीत फक्त डेकमधून होणाऱ्या समनचा. सायबर ड्रॅगनवर चालत नाही, सिंक्रोवर नाही, आणि पॉलिमरायझेशनवरही नाही, कारण फ्यूजन मॉन्स्टर येतात एक्स्ट्रा डेकमधून, आणि तो वेगळा ठेवलेला गठ्ठा म्हणजे डेक नव्हे. इमर्जन्सी टेलिपोर्टवर मात्र चालते, तिथे हात किंवा डेक असं लिहिलंय.

अडवल्यानंतर काय होतं यातही फरक आहे आणि तो कुणी फारसा सांगत नाही. मॉन्स्टर रीबॉर्न निगेट झालं तर नष्ट होतं ते रीबॉर्न, ग्रेव्हयार्डमधला मॉन्स्टर होता तिथेच पडून राहतो. पण सायबर ड्रॅगनचं समन निगेट झालं तर ड्रॅगन स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो. त्याला पुढे रीबॉर्नने उचलता येतं, फोटॉन थ्रॅशर या मॉन्स्टरला मात्र येत नाही, कारण त्याच्यावर लिहिलंय की आधी त्याच्या स्वतःच्या पद्धतीनेच यायला हवं, आणि निगेट झालेलं समन झालंच नाही असं धरतात. सिंक्रोचंही तेच, शिवाय त्यासाठी दिलेले मॉन्स्टर गेले ते गेले.

"आला" वाल्यांना आणखी एक मर्यादा आहे, ते आपल्याच मेन फेजमध्ये (टर्नमधल्या कार्डं मांडायच्या टप्प्यात), दुसरं काही चालू नसताना येतात. "आणला" वाला कधीही येऊ शकतो, इफेक्टने सांगितलं तर भर अटॅकमध्ये, समोरच्याच्या टर्नमध्ये, चेनच्या मधोमध.

पुढच्या रविवारी भाचा परत आला. माझ्याकडे बॅरोन द फ्लूर उभी, ३००० अटॅक, समोरच्याचं कुठलंही कार्ड किंवा इफेक्ट ॲक्टिव्हेट झालं की एकदा निगेट करू शकते. त्याचं फील्ड रिकामं. त्याने हातातून गेमसील काढला, तो मोठ्या कासवाचा कैजू (महाकाय राक्षस), आणि माझीच बॅरोन ट्रिब्यूट करून (बळी देऊन) माझ्याच फील्डवर ठेवायला निघाला. वर म्हणतो, "कोलन नाहीये मावशी, बघून घे." समन करायच्या वाक्यात खरंच नाहीये. काही ॲक्टिव्हेटच झालं नाही तर बॅरोन निगेट काय करणार.

माझ्याकडे जजमेंट सेट (उलटं ठेवलेलं) होतं. मी ८००० चे ४००० केले आणि गेमसीलचं समन निगेट केलं, कारण फक्त माझ्याकडे मॉन्स्टर राहिला असता तर त्याचा सायबर ड्रॅगन सुखाने आला असता. तो ड्रॅगन त्याच्या हातात अडकला. पण ट्रिब्यूट दिलेली बॅरोन काही परत आली नाही, माझंही फील्ड मोकळं झालं, आणि त्याने पुढचं कार्ड टाकलं ते फोटॉन थ्रॅशर, स्वतःकडे एकही मॉन्स्टर नसेल तर हातातून येतो तो. त्यातही कोलन नाही. ४००० चे १९०० झाले, आणि ॲश ब्लॉसम माझ्या हातातल्या हातातच राहिली.