एका डोळ्यापुढे अचानक अंधार आला, तर आमच्याकडे येऊ नका

"परवा थोडा वेळ या डोळ्याने दिसतच नव्हतं. मग आपोआप बरं झालं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, बघता का?" आमच्या चष्म्याच्या काउंटरवर हे अधूनमधून ऐकू येतं, म्हणून हे पत्रक.

नंबर असा वाढत नाही. तो हळूहळू बदलतो, घटकाभरात चढून उतरत नाही. काही दुखत नाही, पण एकाच डोळ्यावर वरून काळी चादर ओढावी तसा अंधार येतो आणि पाच-दहा मिनिटांत ओसरतो, तेव्हा पहिला संशय रक्तपुरवठ्यावर घ्यायचा. कधी चादर पूर्ण येत नाही, नजरेचा वरचा किंवा खालचा अर्धा भागच जातो. तेही तितकंच गंभीर.

मानेतली मोठी धमनी मेंदूला रक्त देते. तिची एक फांदी डोळ्याकडे वळते आणि त्या फांदीतून निघालेली अगदी बारीक धमनी डोळ्याच्या पडद्यात शिरते. मानेतल्या धमनीत साचलेल्या चरबीच्या थराचा कण सुटला, किंवा ठोके अनियमित असलेल्या हृदयात गुठळी झाली, की ती रक्ताबरोबर वर निघते. डोळ्यात अडकली तर नजर जाते, मेंदूत अडकली तर लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. पडद्याची धमनी बंद पडणं हा लकव्याचाच एक प्रकार आहे, असं डॉक्टर मानतात ते म्हणूनच. त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत मेंदूचा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. नजर परत आली म्हणजे कारण गेलं, असं नाही.

आता वेळेबद्दल, कारण नुकसान होतं ते इथेच. माकडांवरच्या प्रयोगांत धमनी साधारण ९७ मिनिटं बंद राहिली तरी पडदा सावरला. २४० मिनिटांनंतर मात्र मोठं आणि कायमचं नुकसान झालं. म्हणजे चार तास. आमच्याकडे आलेले एक काका चौथ्या दिवशी आले होते, हातात जुना चष्मा. उजवा डोळा झाकायला सांगितला, तर समोर धरलेली बोटं त्यांना मोजता येईनात. दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे एकाचं काम दुसरा करत होता. घरचे म्हणाले, "रविवार होता, म्हटलं सोमवारी दाखवू." सोमवारी आमच्याकडे गर्दी असेल म्हणून ते मंगळवारी येणार होते आणि आले बुधवारी. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून नजर गेली, अंधुक झाली किंवा जाऊन परत आली, तर अपॉइंटमेंट मागू नका. एकेक डोळा झाकून बघा, घड्याळात वेळ बघून ठेवा आणि लकव्यावर तातडीने उपचार होतात अशा रुग्णालयात लगेच जा. स्वतः गाडी चालवू नका. डोळा चोळत बसू नका आणि घरातली गोळी मनाने घेऊ नका. गुठळी विरघळवणारं औषध काही रुग्णालयांत पहिल्या साडेचार तासांत देतात. ते सगळ्यांना चालत नाही आणि नजर परत येईलच अशी हमी कोणी देत नाही. पण ईसीजी, टूडी इको, मानेच्या धमन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि मेंदूचा एमआरआय वेळेत झाले, तर पुढचा झटका टाळता येऊ शकतो. वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि कानशिलं दुखत असतील किंवा चावताना जबडा भरून येत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. धमन्यांना सूज येण्याचा एक आजार असतो, त्याचे उपचार वेगळे आणि तितकेच तातडीचे.

अशा वेळी आम्ही चष्म्याची ऑर्डर घेत नाही, तपासणीची फीही घेत नाही, चिठ्ठी देऊन पुढे पाठवतो. काहींना ते टाळल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी नंबर काढून दिला, तर आम्ही तुमचा वेळ खाल्ला असं होईल. नेहमीच्या तपासणीत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि छातीची धडधड यांबद्दल आम्ही विचारतो, तेही उगाच नाही. डोळ्याच्या मागच्या भागाच्या फोटोत धमनीला फाटा फुटतो तिथे कधी कधी एक चकाकणारा पिवळसर कण दिसतो. डॉ. हॉलनहॉर्स्ट यांनी १९६१ साली त्यावर लिहिलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. बऱ्याचदा नजरेत काहीच फरक नसतो, आणि तरी तो कण मानेतल्या धमनीकडे बोट दाखवत असतो. फोटोत काही दिसलं नाही म्हणून हृदय ठणठणीत आहे असं मात्र आम्ही सांगू शकत नाही, त्यासाठी तुमचे फिजिशियन.

बीपी किंवा शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा हा फोटो काढून घ्यावा असं आमचं सांगणं आहे. जुना फोटो फाइलमध्ये असला की नवा त्याच्याशेजारी ठेवून बघता येतो. बाहुली मोठी करण्यासाठी थेंब टाकावे लागले, तर काही तास जवळचं अंधुक दिसेल, म्हणून सोबत कोणाला तरी आणा. चालू औषधांची यादी आणि मागचे रिपोर्टही आणा. फोटोची प्रत तुमच्या डॉक्टरांना दाखवायला हवी असेल, तर काउंटरवर सांगा, लगेच देतो.