न हटणारा नायटा आणि चार मिलिमीटरचा तुकडा

कापूस वेचणीच्या दिवसांत घामाने जांघा आणि गुदद्वाराभोवतीची जागा चिघळली, तर वर्धा-यवतमाळकडे माणूस आधी मेडिकलमधून ट्यूब आणतो. बहुतेकदा तो नायटाच असतो. पण साठीच्या पुढच्या माणसाचा कडा ठळक असलेला, लालसर, ओलसर चट्टा क्वचित पॅजेटचा आजार निघतो. हा त्वचेच्या वरच्या थरात हळूहळू पसरणारा कर्करोग. १८७४ मध्ये जेम्स पॅजेट यांनी तो स्तनाग्रावर वर्णिला; गुदद्वाराजवळचा त्याच जातीचा.

घात ट्यूबच करते. तिच्यातल्या स्टिरॉइडने लाली आणि खाज उतरते, आजार वाढतच राहतो आणि वर्षं निघून जातात. नीट औषध घेऊनही सहा आठवड्यांत चट्टा हटला नाही, तर त्वचेचा तुकडा काढून तपासायलाच हवा. जागा दाखवायची लाज वाटते, बायांना तर फारच, हे आम्ही जाणतो. म्हणून असा चट्टा आहे का, हे आशाताईंनी आपणहून विचारावं.

लिग्नोकेनने जागा बधिर करून चार मिलिमीटरच्या पंचने (गोल पात्याच्या हत्याराने) त्वचेचा पूर्ण जाडीचा तुकडा घेतात. नुसतं खरवडून भागत नाही, कारण पॅजेट पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी जास्त असतात. तुकडा त्याच्या दसपट फॉर्मालिनमध्ये ठेवायचा. सलाइनमध्ये टाकून नागपूरला पाठवला, तर वाटेतच सडतो.

मग खरा प्रश्न येतो: आजार त्वचेतच उगवला, की आतड्यातल्या गाठीतून वर आला? पेशींत सीके-७ आणि जीसीडीएफपी-१५ ही ओळख पटवणारी प्रथिनं दिसली, सीके-२० हे प्रथिन नसलं, तर कल त्वचेकडे. सीके-२० आणि सीडीएक्स-२ ही प्रथिनं दिसली, तर गुदाशयावर संशय. अहवाल काहीही असो, गुदद्वारातून बोटाने तपासणी आणि कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) टाळू नये, जांघेतल्या गाठीही चाचपाव्यात.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. डोळ्याला दिसते त्या कडेच्या पलीकडेही पेशी पोचलेल्या असतात, म्हणून चारही बाजूंनी छोटे तुकडे घेऊन आधी हद्द आखतात, मगच चट्टा काढतात. खड्डा मोठा असेल तर शेजारची त्वचा सरकवून बसवतात; जखमेला मळ लागू नये म्हणून कधी पोटावर तात्पुरता शौचमार्गही काढावा लागतो. वरवरचा आजार असून शस्त्रक्रिया झेपत नसेल, तर पाच टक्के इमिक्विमॉड मलम किंवा रेडिएशन देतात. इमिक्विमॉडने जागा लाल होते, सोलवटते. ती ॲलर्जी समजून मनानेच मलम सोडू नये, डॉक्टरांना दाखवावं.

टाके सुकले की पेशंट येणं थांबवतात. हा आजार मात्र अनेक वर्षांनीही त्याच जागी उलटतो.