लिओनोर मिखाएलिस : रुग्णालयातल्या प्रयोगशाळेतून आलेले समीकरण

विकरे (एन्झाइम) म्हणजे सजीवांतल्या रासायनिक अभिक्रियांना वेग देणारी प्रथिने. द्रव्याची मात्रा बदलली की विकराचा वेग कसा बदलतो हे सांगणारे मिखाएलिस-मेंटेन समीकरण जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. ते 1913 साली बर्लिनच्या 'आम उर्बान' या नगरपालिका रुग्णालयातून आले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. 1875 मध्ये बर्लिनमध्येच जन्मलेले मिखाएलिस तिथे जिवाणुतज्ज्ञ होते. 1908 मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाचा हुद्दा दिला, पण तिथे विभाग किंवा संस्था त्यांच्या हाती कधीच आली नाही.

समीकरणाचा साचा पॅरिसमधले शास्त्रज्ञ व्हिक्टर आंरी यांनी 1903 मध्येच मांडला होता. मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांचे खरे काम मोजणीतले आहे. आंरींनी द्रावणाची आम्लता स्थिर ठेवली नव्हती आणि आम्लता बदलली की विकराचा वेग बदलतो. मिखाएलिस आणि मेंटेन यांनी अ‍ॅसिटेट बफर, म्हणजे आम्लता स्थिर राखणारे द्रावण, वापरून ती बांधून ठेवली. दुसरी अडचण जास्त फसवी होती. यीस्टमधले इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज (नेहमीची साखर) फोडते. किती साखर फुटली हे द्रावण ध्रुवित प्रकाशाची दिशा किती वळवते, म्हणजे त्याचे प्रकाश-वलन किती, यावरून मोजत. पण सुटणारे ग्लुकोज आधी अल्फा या एका रूपात असते. त्याचे प्रकाश-वलन आधी जास्त असते आणि हळूहळू उतरते. म्हणून पोलॅरीमीटर या वलन मोजणाऱ्या उपकरणावर लगेच पाहिले, तर झालेली अभिक्रिया प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. उपाय असा : ठरावीक वेळी नमुना काढून अल्कलीत टाकायचा. विकर तिथेच थांबते, वलन झपाट्याने स्थिरावते, मग वाचन घ्यायचे. शिवाय त्यांनी फक्त सुरुवातीचा वेग धरला, कारण पुढे तयार झालेली साखरच विकराला अडवू लागते. अर्धा कमाल वेग देणारी सुक्रोजची मात्रा 0.0167 मोलर निघाली.

हाच काटेकोरपणा 1914 मध्ये त्यांनी जीवरसायनतज्ज्ञ एमिल आब्डरहाल्डेन यांच्या गाजलेल्या गर्भधारणा-चाचणीला लावला. गरोदर स्त्रीच्या रक्तद्रवातली 'संरक्षक विकरे' वारेतली प्रथिने पचवतात, असा तो दावा होता. मिखाएलिस यांना गरोदर आणि इतर रक्तद्रवांत फरक सापडला नाही आणि त्यांनी तसे छापले. आब्डरहाल्डेन यांचे वजन मोठे होते. मिखाएलिस यांची जर्मनीतली वाट त्यामुळे बिकट झाली असे अभ्यासक मानतात. ते ज्यू होते, हेही विसरता येत नाही.

1922 मध्ये ते जपानला, नागोयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले. 1926 मध्ये बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स आणि 1929 पासून न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था. तिथे 1934 मध्ये डेव्हिड गोडार्ड यांच्यासोबत त्यांनी दाखवले की, थायोग्लायकोलिक आम्ल केराटिन या केसांतल्या प्रथिनातले गंधकाचे बंध तोडते. केस कुरळे करण्याच्या 'कोल्ड पर्म'चा पाया तोच. 1949 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.